पडून राहिलेला जुना स्नो ब्लोअर दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की ऑगर (बर्फ आत ओढणारा मळसूत्री भाग) आणि इम्पेलर (तो बाहेर फेकणारा पंखा) असा दोन टप्प्यांचा जुना स्नो ब्लोअर, म्हणजे बर्फ हटवायचं यंत्र, तुमच्याकडे आलाय, बराच काळ पडून होता, इंजिन सुरू होतं पण चोक (हवा कमी करणारी झडप) ओढून ठेवला तरच चालतं. हिवाळा तोंडावर आहे, तर दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

दुरुस्त करा. या जुन्या यंत्रांचा पत्रा जाड असतो आणि जवळपास प्रत्येक भाग सुटा करता येतो. फक्त सुरुवात इंजिनापासून करू नका. बहुतेक जण आधी कार्ब्युरेटर उघडतात, इंजिन नीट चालायला लागलं की काम झालं समजतात, आणि पहिल्याच मोठ्या बर्फात ऑगरचा गिअरबॉक्स फोडून बसतात. कार्ब्युरेटर सहज बदलता येतो. गिअरबॉक्सचा खर्च मात्र अनेकदा जुन्या यंत्राच्या किमतीच्या घरात जातो.

म्हणून स्पार्क प्लगची वायर काढा, टाकीतलं जुनं पेट्रोल उपसून टाका आणि पुढच्या ऑगरपाशी बसा. ऑगरचे दोन्ही भाग मधल्या शाफ्टवर एकेका शिअर पिनने अडकवलेले असतात. ही पिन मुद्दाम मऊ धातूची असते. दगड किंवा गोठलेलं ढेकूळ अडकलं की फ्यूजसारखी ती तुटते, शाफ्ट ऑगरच्या आत मोकळा फिरत राहतो आणि गिअरबॉक्स वाचतो. पण शाफ्ट आणि ऑगरची नळी यांच्यामध्ये पाणी शिरून गंज चढला, तर दोन्ही एकमेकांना घट्ट धरतात. मग पिन तुटली काय आणि न तुटली काय, सगळा धक्का थेट आतल्या गिअरच्या दातांवर जातो. बाहेरून यंत्र अगदी ठणठणीत दिसतं.

तपासणी सोपी आहे. दोन्ही पिना काढा, हातमोजे घाला आणि ऑगरचा एकेक भाग हाताने फिरवा. ऑगर फिरला पाहिजे आणि शाफ्ट जागेवर राहिला पाहिजे. शाफ्टही सोबत फिरला किंवा काहीच हललं नाही, तर तो जाम आहे. गंज सोडवणारं तेल दोन्ही टोकांना आणि पिनेच्या भोकातून मारा, रात्रभर मुरू द्या, लाकडाचा ठोकळा मध्ये धरून हातोडीने ठोका, मागेपुढे हलवत राहा. चिवट गंजाला दोन-चार दिवसही लागतात, घाई करू नका. सुटला की ग्रीस निपल असेल तर ऑगर फिरवत फिरवत ग्रीस भरा. निपल नसेल तर ऑगर पूर्ण उतरवून शाफ्ट घासून, ग्रीस लावूनच बसवा. आणि पिना त्या मॉडेलसाठीच्याच घ्या. त्या जागी साधा कडक बोल्ट घातलेला दिसला तर आजच काढा. चार पिना जास्तीच्या जवळ ठेवा.

गिअरबॉक्सचा प्लग उघडून आतलं तेल किंवा ग्रीसही बघा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, म्हणजे सील बदलायला झालं.

आता इंजिन. चोक ओढल्यावरच चालतंय याचा अर्थ बहुतेक वेळा एकच: पेट्रोल कमी पोचतंय, जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकात, सुकलेल्या पेट्रोलचा चिकट थर बसलाय. कार्ब्युरेटरची खालची वाटी काढा. काही जुन्या इंजिनांत, उदाहरणार्थ टेकमसेच्या, वाटी धरून ठेवणारा बोल्ट हाच मुख्य जेट असतो. त्याच्या बाजूला केसाएवढं बारीक भोक असतं, ते नजरेतून सहज सुटतं. क्लीनर मारून उजेडासमोर धरा. भोकातून प्रकाश आरपार दिसेपर्यंत वायरमधल्या तांब्याच्या एका बारीक तारेने साफ करा. पोलादी सुई किंवा ड्रिल नको, भोक मोठं झालं की पेट्रोलचं प्रमाण बिघडतं. वाटीत पांढरी भुकटी आणि खड्डे दिसले तर साफसफाईत वेळ घालवू नका, नवा कार्ब्युरेटर बसवा. टेकमसेने इंजिनं बनवणं 2008 मध्ये थांबवलं, तरी त्यांना बसणारे कार्ब्युरेटर अजून मिळतात. पेट्रोलची नळी कडक झाली असेल तर तीही बदला. ऑइल थंडीसाठीचं 5डब्ल्यू-30, स्पार्क प्लगमधलं अंतर बऱ्याच इंजिनांना 0.76 मिमी. तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळं असेल तर तेच खरं.

यंत्र तोंडावर उभं करून खालचं झाकण उघडा. त्याआधी टाकी रिकामी आहे ना, हे पुन्हा बघा. आत रबराची कड असलेलं चाक एका धातूच्या तबकडीला घासून यंत्राला पुढे नेतं. रबर झिजून धातू तबकडीला लागायच्या बेतात असेल तर बदला. ग्रीसचं बोट जरी तबकडीला लागलं तरी चाक घसरतं, म्हणून ती ब्रेक क्लीनरने पुसा. बेल्ट चकचकीत किंवा भेगाळलेले असतील तर दोन्ही एकदमच बदला.

टायरची हवा दोन्हीकडे सारखी करा, मगच खालची घासपट्टी आणि बाजूचे बूट (यंत्राचं तोंड जमिनीपासून उचलून धरणाऱ्या पट्ट्या) लावा. गुळगुळीत फरशीवर पट्टीखाली साधारण 3 मिमी फट पुरते, खडीवर बरीच जास्त ठेवा, नाहीतर दगड उडतील. रंगकाम सोडून दिलं तरी चालेल.

चाचणी मोकळ्या हवेत घ्या, बंद गॅरेजमध्ये नाही. हँडलवरची ऑगरची लिव्हर सोडल्यावर ऑगर लगेच थांबला पाहिजे. थांबत नसेल तर केबल आणि ब्रेक नीट होईपर्यंत यंत्र वापरू नका. बर्फ तोंडात अडकला तर इंजिन बंद करून, सगळं थांबल्यावर, काठीनेच काढा. इंजिन बंद असतानाही बेल्टमध्ये ताण उरलेला असू शकतो आणि अडथळा निघताच इम्पेलर झटका देतो. बोटं याच क्षणी जातात.

नव्याचा विचार मी दोनच बाबतींत करेन: गिअरबॉक्सच्या आवरणाला तडा असेल, किंवा इंजिनाचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेलेलं असेल.