अमेरिकेत पहिल्यांदाच क्रिमिनल चार्ज लागलाय? आधी हे वाच

भावा, घाबरून जाऊ नकोस पण हलक्यातही घेऊ नकोस. आधी कागदावर कलम कुठलं लावलंय आणि ते मिसडिमीनर (हलका गुन्हा) आहे की फेलनी (गंभीर गुन्हा) ते बघ. साधारण मिसडिमीनरला एक वर्षापर्यंत जेल, फेलनीला त्याहून जास्त, पण प्रत्येक स्टेटचं वेगळं असतं, टेक्ससमध्ये क्लास सी मिसडिमीनरला फक्त ५०० डॉलरपर्यंत दंड आणि कॅलिफोर्नियात काही गुन्हे दोन्हीपैकी कशातही लावता येतात, त्यामुळे दुसऱ्या स्टेटमधल्या मित्राचं ऐकून काही ठरवू नकोस.

पोलिसांना नाव-पत्ता सांग, बाकी "वकिलाशिवाय बोलणार नाही" एवढंच. वकिलाला पैसे नसतील आणि जेलची शक्यता असेल तर कोर्टाकडे पब्लिक डिफेंडर (सरकारी खर्चाने मिळणारा बचावाचा वकील) माग, तो तुझा हक्क आहे, त्याचा पाया सुप्रीम कोर्टाचा १९६३ चा गिडियन निकाल, आणि हे वकील रोज त्याच कोर्टात उभे असतात, त्यांना कमी लेखू नकोस.

पहिल्या तारखेला बहुतेक वेळा नॉट गिल्टीच म्हणतात, मग पुरावे हातात येतात, झडती बेकायदा असेल तर तो पुरावा बाद करायचा अर्ज करता येतो, डायव्हर्जन (ठरलेल्या अटी पाळल्या की केस मागे घेतात तो मार्ग) मिळतंय का तेही विचार.

आता सगळ्यात महत्त्वाचं. व्हिसा किंवा ग्रीन कार्डवर असशील तर इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय प्ली डीलवर (गुन्हा कबूल करून सरकारी वकिलाशी केलेली तडजोड) सही करूच नकोस, कारण गिल्टी म्हटलंस आणि जेलऐवजी नुसतं प्रोबेशन (देखरेखीखाली सुटका) मिळालं, नंतर स्टेटने केस डिसमिस केली, तरी इमिग्रेशनवाले ते कन्व्हिक्शन (गुन्हा सिद्ध झाला असं) धरू शकतात. सुप्रीम कोर्टाच्या २०१० च्या पडिया (Padilla) निकालानुसार डिपोर्टेशनच्या धोक्याबद्दल सांगणं डिफेन्स वकिलाचं कामच आहे, तू स्पष्ट विचार. आणि जेलमधून घरी फोन केलास तर केसबद्दल एक शब्दही नको, कॉल रेकॉर्ड होतात.