जुनी लाकडी होडी दुरुस्त करणे परवडते का?

सहा पावसाळे किनाऱ्यावर ताडपत्रीखाली राहिलेली वडिलांची २० फुटी लाकडी होडी दुरुस्त करावी की त्याच पैशांत फायबरची घ्यावी, असे आपण विचारले आहे. 'ताडपत्री' हा शब्द वाचून उत्तर लिहायला बसलो, कारण आमच्या घरात याच शब्दावरून बारा वर्षे वाद चालू आहे.

आमचे घर देवगड तालुक्यात खाडीकाठी आहे. वडील दर वर्षी मेअखेरीस होडी ओढून माडांखाली आणत, ओंडक्यांवर टेकवत, तळाचे बूच काढून ठेवत आणि वरून झावळ्यांच्या झापांनी शाकारत. पाऊस आत आला तरी पाणी बुचाच्या भोकातून निघून जाई आणि झापांच्या फटींतून वारा खेळता राही. ते गेल्यावर दादाने मुंबईहून जाड प्लास्टिकची ताडपत्री पाठवली, होडी चारही बाजूंनी गच्च बांधायला लावली आणि बूचही बसवून घेतले. तिसऱ्या वर्षी उघडली तेव्हा आत वीतभर पाणी साचले होते आणि नाळेजवळच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडच्या, चार फळ्यांत बोट शिरत होते. लाकूडच जुने झाले होते, असे दादाचे म्हणणे. ते मी तेव्हा मानले नाही आणि आजही मानत नाही. लाकूड कुजवणारी बुरशी खाऱ्या पाण्यात मुरलेल्या लाकडात सहजी वाढत नाही, ती पावसाच्या गोड्या पाण्यावर आणि कोंडलेल्या दमट हवेवर पोसते. तीच होडी पस्तीस वर्षे खाडीत रोजच्या वापरात होती आणि त्या काळात कुजली म्हणून एकही फळी बदलावी लागली नव्हती.

त्यानंतर दादाच्याच आग्रहाने एका कारखान्याकडून बाहेरून फायबरचा थर चढवून घेतला. लाकूड आतून ओले होते आणि ते भिजले की फुगते, सुकले की आकसते. थर मात्र जागचा हलत नाही. दीड वर्षात तो कडांपासून सुटला, आणि खरवडून काढल्यावर आत कोंडलेल्या ओलीने आणखी दोन फळ्या गेलेल्या दिसल्या. हा खर्च मी दुरुस्तीच्या हिशेबात धरत नाही, दादा धरतो.

शेवटी खाडीपलीकडच्या एका वृद्ध सुताराने काम हाती घेतले. त्याने आधी सगळी होडी टोच्याने तपासली. तळाचा कणा, म्हणजे पठाण, ऐनाचे होते आणि ते ठणठणीत निघाले. बरगड्यांपैकी दोनच बदलाव्या लागल्या. लोखंडी खिळ्यांभोवतीचे लाकूड काळे आणि भुसभुशीत झाले होते, म्हणून तिथे तांब्याचे खिळे घातले. फळ्या फणसाच्या घेतल्या, कारण आंब्याची स्वस्त पडते पण लवकर जाते. सांध्यांत तेल-राळेत भिजवलेली सुताची वात त्याने मुद्दाम हलक्या हाताने ठोकली, कारण सुकलेल्या सांध्यात ती ठासून भरली, तर पाण्यात फळ्या फुगल्यावर त्यांना पसरायला जागा राहत नाही आणि खिळे उपटतात. नंतर होडी भरतीच्या पाण्यात तशीच गळती सोडून दिली; चौथ्या दिवशी सांधे आपोआप मिटले.

सुताराची मजुरी, लाकूड, तांबे आणि तेल धरून मला १,४०,००० रुपये लागले, जे त्या वेळी फायबरच्या होडीसाठी मिळालेल्या दरापेक्षा बरेच कमी होते. त्यात माझे दोन महिन्यांचे श्रम मोजलेले नाहीत. तेव्हा पठाण आणि बहुतेक बरगड्या शाबूत असतील तर दुरुस्ती परवडते, आणि पठाणच गेले असेल तर परवडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. फायबरला देखभाल लागत नाही हा दादाचा मुद्दा मला अर्धवट वाटतो, कारण खडकावर घासलेला फायबरही दुरुस्त करावाच लागतो. मात्र खाऱ्या पाण्यात बारमाही ठेवलेल्या लाकडाला पोखरणारी कीड लागते, टाचणीएवढ्या छिद्रातून आत शिरून ती फळी पोकळ करते, आणि फायबरला तो धोका नाही, हे मान्य केले पाहिजे. वर्षातून एकदा होडी वर काढून सुकवणे ज्यांना जमणार नाही, त्यांनी लाकडाच्या वाटेला जाऊ नये.

माझा अनुभव खाडीतल्या लहान होडीचा आहे. खोल समुद्रात जाणाऱ्या यांत्रिक नौकेचा हिशेब वेगळा होईल. घरचाच फणस तोडायचा असला तरी १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली परवानगी लागते. होडीची नोंदणी वडिलांच्या नावावर असेल, तर सुताराला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी ती आपल्या नावावर होते का ते विचारून घ्यावे.

ताडपत्री मात्र आजच काढावी, बूच मोकळे करावे आणि होडी आठवडाभर सावलीत वाऱ्यावर ठेवावी. मग नाळेजवळ, बरगड्यांच्या टोकांशी आणि पठाणाच्या दोन्ही बाजूंना टोच्या लावून पाहावा, आणि काय आढळले ते इथे कळवावे.