आवडता खेळाडू टीम सोडून गेला तर आपण कोणाचे? (एनबीए बघणाऱ्या एका वैदर्भीयाचं उत्तर)

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की केव्हिन ड्युरांटमुळे तुम्ही एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉलची लीग, बघायला लागलात, तो जिथे गेला तिथे तुम्हीही गेलात आणि आता गावातली पोरं "काहून बे, यंदा कोनती टीम?" म्हणून चिडवतात. एकच टीम धरून बसायला पाहिजे का, आणि धरायची तर कोणती? विदर्भातल्या खेड्यात बसलेल्या माणसाची तिकडे 'घरची' टीम तर कुठलीच नाही.

पोरांचं आधी मिटवू. त्यांना सरळ सांगा, मी ड्युरांटचा आहे. 2016 आणि 2017 मध्ये चेन्नईवर बंदी होती आणि धोनी पुण्याकडून खेळला, तेव्हा हीच मंडळी दोन वर्षं पुण्याचा स्कोर विचारत फिरत होती. 2018 मध्ये परत पिवळे टी-शर्ट निघाले. कोणी कोणाला गद्दार म्हटलं नाही. खेळाडूच्या मागे जाणं आपल्याकडे जुनंच आहे, फक्त तुमचा खेळाडू जरा जास्त फिरला.

त्याच्यावर लोक चिडले ते तो गेला म्हणून नाही, कुठे गेला म्हणून. 2016 च्या वेस्टर्न कॉन्फरन्स फायनलमध्ये, म्हणजे सात मॅचच्या सेमीफायनलमध्ये, त्याची तेव्हाची टीम ओक्लाहोमा सिटी थंडर गोल्डन स्टेटच्या 3-1 पुढे होती. तिथून हरली, आणि महिना-दीड महिन्यात ड्युरांट त्याच गोल्डन स्टेटमध्ये जाऊन बसला. 2017 आणि 2018 च्या दोन चॅम्पियनशिप घेतल्या. पुढे ब्रुकलिन, फिनिक्स, आणि 2025 च्या उन्हाळ्यापासून ह्युस्टन. पण त्याची सुरुवात कुठे झाली ते पोरांना विचारून बघा, बहुतेकांना माहीत नसतं. 2007 मध्ये त्याला सिॲटल सुपरसॉनिक्सने घेतलं होतं. 2008 मध्ये ती अख्खी टीमच मालकांनी सिॲटलहून उचलून ओक्लाहोमाला नेली. 1967 पासूनची टीम, 1979 ची चॅम्पियनशिप, सगळं मागे राहिलं. सिॲटलच्या माणसाने निष्ठा कोणाशी ठेवायची होती? खेळाडू गेले, टीम गेली, शहर तेवढं तिथेच.

निष्ठेची अपेक्षा मात्र खेळाडूकडूनच होते, हे मला कधी पटलं नाही. नवा पोरगा ड्राफ्टमध्ये येतो, म्हणजे टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे, तेव्हा त्याला कोणी विचारत नाही की बाबा तुला कुठे जायचं आहे. पुढे मालकाला वाटलं तर ट्रेड, म्हणजे दुसऱ्या टीमशी अदलाबदल, आणि तोही बहुतेकांना न विचारता. करार संपल्यावर काय ती त्याची स्वतःची निवड, आणि नेमकी तीच केली की जर्सी जाळायला लोक तयार. लेब्रॉन जेम्स, या खेळातला सगळ्यात मोठ्या नावांपैकी एक, 2010 मध्ये क्लीव्हलँड सोडून मायामीला गेला तेव्हा त्याच्या जर्सी जाळल्याच होत्या. 2014 मध्ये तो परत आला, 2016 मध्ये 3-1 मागे असताना फायनल जिंकून दिली, आणि त्याच गावात त्याचा उदो उदो झाला.

मी डॅलसचा. कारण विचाराल तर 2011 ची फायनल. अमरावतीला होस्टेलवर मित्राच्या लॅपटॉपवर बघितली, चित्र अडकत होतं, मध्येच लाइन जायची. समोर मायामी, म्हणजे लेब्रॉन, वेड आणि बॉश एकत्र. डॅलसकडे डर्क नोविट्स्की, जर्मनीहून आलेला सात फुटी माणूस. पहिल्या मॅचमध्ये त्याच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचा स्नायुबंध तुटला. दुसऱ्या मॅचमध्ये डॅलस पंधरा पॉइंटने मागे होती, तिथून बरोबरीत आली, आणि शेवटच्या काही सेकंदांत त्याने त्याच डाव्या हाताने बॉल रिंगमध्ये टाकला. 95-93. होस्टेलवर बाकी सगळे मायामीवाले होते, त्यामुळे ओरडणारा मी एकटाच. डर्क 1998 ते 2019, एकवीस हंगाम एकाच टीममध्ये राहिला. पुढे 2015 मध्ये डॅलसने पंजाबच्या सतनाम सिंगला ड्राफ्ट केलं, भारतात जन्मलेला पहिलाच. एनबीएची एकही मॅच त्याला मिळाली नाही ते सोडा, मला तेवढंही पुरलं.

मग लुका डॉन्सिच आला, 2024 मध्ये त्याने टीम फायनलपर्यंत नेली, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये डॅलसने त्याला लॉस एंजेलिसच्या लेकर्सला देऊन टाकलं. आपल्याकडे रविवारची सकाळ होती. माझं कृषी केंद्र आहे, दुकानात गिऱ्हाईक उभं, आणि मोबाइलवर बातमी. बातमी देणाऱ्या पत्रकाराचं अकाउंट हॅक झालं असं आधी सगळ्यांनाच वाटलं, मलाही. गिऱ्हाइकाने तोंड बघून विचारलं, "काय झालं भाऊ, कोनी गेलं का?" गेलंच होतं म्हणा.

तिथल्या लोकांनी स्टेडियमबाहेर डर्कच्या पुतळ्याजवळ शवपेटी आणून ठेवली. हा सौदा करणाऱ्या मॅनेजरला काढा म्हणून मॅच चालू असताना घोषणा दिल्या. एप्रिलमध्ये लुका लेकर्सकडून डॅलसला खेळायला आला ती मॅच मी बघितली. आधी त्याच्यावरची फिल्म दाखवली, बेंचवर बसून तो रडत होता, टॉवेलने तोंड पुसत होता. मग उठला आणि 45 पॉइंट मारले. डॅलसचेच लोक त्याच्या प्रत्येक बास्केटला टाळ्या वाजवत होते आणि त्यांचीच टीम हरत होती. कोण कोणाचं, हे त्या दिवशी स्टेडियममध्ये बसलेल्या माणसालाही सांगता आलं नसतं. मी मात्र दुसऱ्या दिवशी डॅलसचाच स्कोर बघितला, लेकर्सचा नाही. तेव्हा मला माझं उत्तर कळलं. पुढे त्या मॅनेजरला नोव्हेंबरमध्ये काढलं, आणि त्याआधी मे महिन्यात 1.8 टक्के शक्यता असताना लॉटरीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये आधी कोणी निवडायचं त्या सोडतीत, पहिला नंबर लागून कूपर फ्लॅग हा नवा पोरगा मिळाला. माझ्या निष्ठेचं फळ वगैरे काही नाही हो, नुसतं नशीब.

त्याच फेब्रुवारीच्या शेवटी नागपूरजवळ जामठ्याला विदर्भाची केरळविरुद्ध रणजी फायनल सुरू झाली, मार्चच्या दोन तारखेला आपण तिसऱ्यांदा चॅम्पियन झालो. दानिश मालेवारने पहिल्या डावात 153 केले, पण बॅटिंगमध्ये त्याच्याइतकाच आधार करुण नायरचा होता, पहिल्या डावात 86, दुसऱ्यात 135. तो कर्नाटकचा. 2017-18 ला पहिल्यांदा रणजी आणली तेव्हा कोच चंद्रकांत पंडित मुंबईचे, वसीम जाफर मुंबईचा. मुंबईचं नाव काढलं की ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्या आपल्याच लोकांनी या दोघांना डोक्यावर घेतलं. फायनलनंतर काही महिन्यांतच नायर कर्नाटकला परत गेला आणि अमरावतीचा जितेश शर्मा बडोद्याला. आता नायरला शिव्या घालायच्या का? आपल्याकडे आला तेव्हा तर कोणी म्हटलं नाही, की कर्नाटक सोडून आलास, लाज नाही वाटत. जाणारा गद्दार आणि येणारा आपला, हा हिशोब सगळीकडे सारखाच. फक्त तो चालू असताना त्याला तत्त्व म्हणू नये.

आता कोणती टीम धरायची. पहिली गोष्ट घड्याळ, आणि ही कोणी सांगत नाही. हिवाळ्यात न्यूयॉर्क, बोस्टनच्या मॅच आपल्याकडे पहाटे साडेपाच-सहाला सुरू होतात. डॅलस, ह्युस्टन, ओक्लाहोमा, सॅन अँटोनिओच्या घरच्या मॅच साधारण साडेसहा-सातला. लॉस एंजेलिस, सॅक्रामेंटोच्या साडेआठच्या पुढे. मार्चमध्ये तिकडची घड्याळं बदलली की सगळं एक तास अलीकडे येतं. टीमच्या 82 मॅच असतात, ऑक्टोबरच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत, म्हणजे वेचणी सुरू होते तेव्हापासून ते उन्हाळा लागेपर्यंत. सकाळी शेतात जाणाऱ्याने लेकर्स धरली तर त्याच्या नशिबी यूट्यूबवरचे हायलाइटच. नऊला दुकान उघडणाऱ्याला डॅलस परवडते. फायनल जूनमध्ये येते, नेमकी मृगाच्या तोंडावर. तेव्हा माझ्या दुकानात बियाण्याची गर्दी असते, काउंटरखाली मोबाइल ठेवून बघतो.

दुसरं, जूनमध्ये टीम धरू नका. माझ्याकडे दरवर्षी लोक येतात, मागच्या हंगामात शेजाऱ्याला कपाशीचं जे वाण पिकलं तेच द्या म्हणतात. शेजाऱ्याची जमीन काळी, याची मुरमाड, त्याच्याकडे ओलीत, याच्याकडे नाही. टीमचंही तेच. 2025 मध्ये थंडर जिंकली आणि थंडरवाले उगवले. चांगली टीम आहे, शे गिल्जस-अलेक्झांडरचा खेळ बघायला मलाही आवडतो. पण तिकडच्या लोकांनी मधली पडकी वर्षं बघितली आहेत, ती तुम्हाला आयती मिळणार नाहीत.

सॅक्रामेंटो किंग्जचं नाव मी मुद्दाम घेतो. मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत वरळीला किंग्ज आणि इंडियाना पेसर्सच्या दोन मॅच झाल्या, एनबीएच्या भारतातल्या पहिल्याच. पहिली ओव्हरटाइममध्ये इंडियानाने 132-131 जिंकली. ही टीम सलग सोळा हंगाम प्लेऑफबाहेर होती, 2023 मध्ये आत आली. मात्र भारतीय मालक हे कारण वर्षभर पुरत नाही. सलग पाच मॅच हरल्यावर मालक कुठला हे कोणाला आठवतं?

हरण्यावरून आठवलं, मी स्वतः पारख करतो ती त्याच्यावरच. जिंकलेली मॅच कोणाचीही आवडते. अर्धा हंगाम मिळेल ते बघा आणि कुठल्या टीमच्या हरण्याने तुमची सकाळ खराब होते त्यावर लक्ष ठेवा. चहा कडू लागला, घरच्यांवर उगीच खेकसलात, की ती टीम तुमची. ती तीसपैकी सगळ्यात फालतू असली तरी.

तुमच्यापुरतं म्हणाल तर ड्युरांट ह्युस्टनला आहे तोवर ह्युस्टन बघा, वेळही बरी आहे. त्याचा जन्म 1988 चा, फार वर्षं उरलेली नाहीत. तो थांबल्यावरही सकाळी ह्युस्टनचा स्कोर बघावासा वाटला तर ह्युस्टनचे व्हा. नाही वाटला तर दुसरी शोधा, घाई काय आहे? आणि त्या पोरांपैकी जो बाजारातून घेतलेला 'शिकागो 23' चा, म्हणजे मायकेल जॉर्डनच्या नंबरचा, टी-शर्ट घालून फिरतो ना, त्याला एकदा विचारा शिकागोने शेवटची चॅम्पियनशिप कधी जिंकली. 1998 म्हणाला तर त्याच्याशी दोस्ती करा, आपल्या भागात असे फार नाहीत.