अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत सामाजिक न्यायावर लिहिणारी स्थानिक पत्रकारिता खरोखर काही बदलते, की केवळ भावना भडकवते?

‘केवळ भावना भडकवते’ हे शब्द मी नेमके याच क्रमाने एकदा ऐकले आहेत, ३१ ऑगस्ट २०२२ रोजी, गणेश चतुर्थीच्या दिवशी. म्हणूनच हे उत्तर लिहायला बसलो.

मी तेव्हा मिसिसिपीच्या राजधानीत, जॅक्सनमध्ये, राहत होतो. जुलैअखेरपासूनच पाणी उकळून पिण्याची सूचना लागू होती. ऑगस्टच्या शेवटी पर्ल नदीला पूर आला, आधीच खिळखिळ्या झालेल्या मुख्य जलशुद्धीकरण केंद्राने मान टाकली आणि सुमारे दीड लाख लोकांचे नळ कोरडे तरी पडले किंवा गढूळ तरी झाले. चतुर्थीच्या सकाळी माझ्या नळातून जे आले ते कोऱ्या चहासारखे दिसत होते. ‘गंगे च यमुने चैव’ म्हणत मी कलशात दुकानातून आणलेली प्लास्टिकची बाटली ओतली आणि संध्याकाळी दोन रिकामे कॅन गाडीत टाकून मॅडिसन या उपनगरात एका स्नेह्यांकडे आरतीला गेलो. त्यांच्या हिरवळीवर पाण्याचे फवारे चालू होते.

मोदक वाढता वाढता ते म्हणाले, “अहो, ती माणसे पाण्याची बिलेच भरत नाहीत, मग नळाला पाणी येणार कुठून? आणि हे वर्तमानपत्रवाले त्याचाही काळा-गोरा वाद करून केवळ भावना भडकवतात.” मी त्यांच्याच नळावर कॅन भरायला आलेला माणूस; गप्प बसलो. ते गप्प बसणे अजून सलते.

बोलायला हवे होते ते असे. बिलांचा घोळ खरा होता, पण तो का झाला हे स्थानिक वार्ताहरांनी कितीतरी आधी छापलेले होते. ९ कोटी डॉलरच्या कंत्राटातून बसवलेले मीटर धड चाललेच नाहीत, अनेक घरांना चुकीची बिले जात किंवा जातच नसत. शहराने कंपनीवर दावा लावला आणि २०२० मध्ये तडजोडीत जवळजवळ तेवढीच रक्कम परत मिळवली. १९७० च्या सुमारास न्यायालयाच्या आदेशाने शाळांतील वर्णभेद मोडला, त्यानंतरच्या दशकांत गोरी कुटुंबे उपनगरांत गेली, त्यांच्याबरोबर कराचे उत्पन्नही गेले, आणि १९८० मध्ये दोन लाखांवर असलेली लोकसंख्या २०२० पर्यंत १ लाख ५४ हजारांच्या आत आली. जमिनीखालचे जुने नळ मात्र मागे राहिलेल्यांच्या, म्हणजे ऐंशी टक्के कृष्णवर्णीय शहराच्या, गळ्यात पडले. आमच्या स्नेह्यांचे उपनगर वाढले ते याच स्थलांतरावर.

तुमच्या प्रश्नाचे सरळ उत्तर ‘हो, बदलते’ असे आहे, पण ते कोणत्याही बाजूने बदलू शकते. १९६३ मध्ये कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी लढणारे मेडगर एव्हर्स यांचा जॅक्सनमधील त्यांच्या घरासमोर खून झाला. या खुनासाठी बायरन डे ला बेकविथला अटक झाल्यावर ‘क्लॅरियन-लेजर’ या जॅक्सनच्या वर्तमानपत्राने मथळ्यात त्याला कॅलिफोर्नियाचा रहिवासी ठरवले; तो जन्मला तिथे, पण लहानपणापासून वाढला मिसिसिपीत. १९८९ मध्ये त्याच वर्तमानपत्राच्या जेरी मिचेल यांनी राज्याच्याच एका आयोगाने आरोपीच्या वकिलांना ज्यूरीबाबत मदत केल्याचे उघड केले, खटला पुन्हा उभा राहिला आणि १९९४ मध्ये बेकविथ दोषी ठरला. १९२० मध्ये ‘मूकनायक’ का काढावा लागला हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवल वाटू नये.

अलीकडचे उदाहरण हवे असेल, तर गरीब कुटुंबांसाठीच्या निधीचे घ्या. लेखापरीक्षणात ७ कोटी ७० लाख डॉलर भलतीकडे गेल्याचे दिसले, त्यांपैकी ५० लाख एका विद्यापीठाच्या व्हॉलीबॉलच्या इमारतीवर. आणि त्या काळात राज्यात तिघांच्या कुटुंबाला महिन्याला जास्तीत जास्त १७० डॉलर रोख मिळत होते. या प्रकरणाचे धागे माजी राज्यपालांपर्यंत कसे जातात हे ‘मिसिसिपी टुडे’च्या अ‍ॅना वुल्फ यांनी त्या राज्यपालांच्याच मोबाइल संदेशांच्या आधारे मांडले आणि २०२३ चे पुलित्झर मिळवले. माजी राज्यपालांनी गैरकृत्य नाकारले आहे, त्यांच्यावर गुन्हाही दाखल झालेला नाही, हे नोंदवायला हवे.

हेही मान्य करतो, की बातमीने नळ दुरुस्त होत नाहीत. जॅक्सनचा पाणीपुरवठा नोव्हेंबर २०२२ मध्ये संघीय न्यायालयाने नेमलेल्या व्यवस्थापकाकडे गेला आणि काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ६० कोटी डॉलर मंजूर केले, तेव्हा कुठे कामाला लागण्याइतके पैसे हाती आले.

‘मिसिसिपी टुडे’ ना-नफा संस्था असून वाचायला मोफत आहे, त्यामुळे वर्गणीचा प्रश्न नाही; जमेल तेवढी देणगी द्या. आणि तुम्ही उपनगरात राहत असाल, तर बिलांविषयी मत देण्याआधी मीटरविषयीची एक तरी बातमी वाचा. आमच्या स्नेह्यांना मी ती दोनदा पाठवली. दोन्ही वेळा उत्तरादाखल जोडलेल्या हातांचे चिन्ह आले.