ट्रेडमिल आणि होम थिएटरसाठी वेगळी लाइन घ्यावी का?

भिंती अजून उघड्या आहेत आणि इलेक्ट्रिशियन म्हणतोय, ‘साहेब, गरज नाही, शेजारच्या बोर्डावरून लूप मारतो’ (म्हणजे तिथल्याच वायरीतून पुढे जोडून घेतो), असं तुम्ही लिहिलंय. ट्रेडमिलच्या बाबतीत त्याचं ऐकू नका. थिएटरच्या बाबतीत तो अर्धा बरोबर आहे.

मी इलेक्ट्रिशियन नाही, पण ही चूक करून बसलोय. आमची ट्रेडमिल बेडरूमच्या ६ अँपिअरच्या पॉइंटवर, कन्व्हर्टर लावून चालायची. मोठा प्लग तिथे बसत नव्हता, तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं. दोन महिन्यांनी कन्व्हर्टर उपटला, तर एक पिन काळी आणि तिच्याभोवतीचं प्लास्टिक पिवळं पडून मऊ झालेलं. २ एचपीची मोटर म्हणजे साधारण १५०० वॅट, २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर, आणि प्रत्यक्षात ती त्याहून जास्तच ओढते. (जाहिरातीतले ४ एचपी बहुधा ‘पीक’, म्हणजे क्षणभराचे असतात. ‘कंटिन्युअस’चा आकडा बघा.)

म्हणून डीबीपासून (घरातल्या सगळ्या लाइन जिथून निघतात त्या पेटीपासून) थेट २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घ्या, मध्ये कुठेही लूप नको, टोकाला १६ अँपिअरचा सॉकेट. एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) १६ची, सी-कर्व्ह. बी-कर्व्हवाली रेटिंगच्या ३ ते ५ पट करंटला झटकन पडते, सी ५ ते १० पटीला, त्यामुळे मोटर सुरू होतानाचा धक्का ती सोसते. एमसीबी सारखी पडते म्हणून कुणी ३२ची बसवतो म्हणाला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. एमसीबी वायर वाचवायला असते, आपली सोय बघायला नाही.

खरी डोकेदुखी आरसीसीबीची, म्हणजे करंट अर्थिंगला गळला की वीज तोडणाऱ्या स्विचची. ट्रेडमिलच्या फिल्टरमधून थोडी गळती अर्थिंगला जातेच. त्यात फ्रिज, वॉशिंग मशीनची भर पडली की ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी पडते आणि अख्खं घर अंधारात. आमच्याकडे ऐन मालिकेच्या वेळी हे तीनदा झालं. आईने त्यानंतर ट्रेडमिलला ‘ते भूत’ म्हणायला सुरुवात केली. उपाय असा: या लाइनला स्वतंत्र आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीसीबी एकातच), आणि तो घराच्या आरसीसीबीच्या आधी, मेन आयसोलेटरवरून (मुख्य स्विचवरून) घेतलेला. न्यूट्रलही त्याचाच वेगळा. न्यूट्रल दुसऱ्या लाइनच्या न्यूट्रलला जोडला गेला, की काहीही बिघाड नसताना ट्रिप होत राहतं. काम संपण्याआधी हे स्वतः विचारून घ्या.

थिएटरचा भार किरकोळ. टीव्ही, अॅम्प्लिफायर, सबवूफर मिळून सहसा हजार वॅटच्या आतच. तरी सगळं एकाच लाइनवर, एकाच बोर्डावर घ्या, कारण अर्थिंग एकच राहतं. आमचा टीव्ही एका बोर्डावर, अॅम्प्लिफायर दुसऱ्यावर होता, आणि सबवूफर कायम घुमायचा. केबल टीव्हीची वायर काढली की शांत! कुणी अर्थची पिन कापायचा सल्ला देईल, तो मुळीच मानू नका. स्पीकरच्या आणि एचडीएमआयच्या वायरींना वेगळा पाइप ठेवा, आणि तो जाड घ्या. एचडीएमआयचं डोकं २० एमएमच्या पाइपातून जात नाही, हे प्लास्टर झाल्यावर कळतं.

आणि सॉकेट ट्रेडमिलच्या मोटरच्या बाजूच्या भिंतीवर घ्या. वायर तिथूनच निघते.