खुनी कोण हे आधीच कळलेलं असूनही खिळवून ठेवणारी थ्रिलर कादंबरी कोणती?

केइगो हिगाशिनो यांची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ डोळे झाकून घ्या. नुकतीच वाचली, दोन रात्रींत संपली. मूळ जपानी कादंबरी 2005 ची, इंग्रजी अनुवाद सहज मिळतो. खून सुरुवातीच्या पानांतच, आपल्या डोळ्यांदेखत होतो. शेजारी राहणारा गणिताचा मास्तर तो झाकायला पुढे येतो आणि मग त्याचा जुना मित्र, एक भौतिकशास्त्रज्ञ, धागे उकलू लागतो. सगळं माहीत आहे असं वाटत असतानाच पायाखालची जमीन सरकते. (मागच्या पानावरचा मजकूरही वाचू नका.)

त्यानंतर फ्रेडरिक फोर्सिथ यांची 1971 ची ‘द डे ऑफ द जॅकल’. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांना मारण्याच्या कटाची ही गोष्ट. त्यांची हत्या झाली नाही हे जगजाहीर, तरी मारेकरी जंगलात झाडाला टांगलेल्या खरबुजावर नेम साधून दुर्बीण जुळवतो तेव्हा आपलाच श्वास अडकतो. फक्त हिची सुरुवात संथ आहे. फ्रान्स-अल्जीरियाचं राजकारण बरंच येतं. तेवढा धीर नसेल तर पहिलीवरच थांबा.