इसबाची त्वचा आणि रोजची आंघोळ

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलीला कोपरांच्या आतल्या बाजूस आणि गुडघ्यांमागे इसब आहे. घामाने खाज वाढते, म्हणून मी तिला दोन वेळा साबण चोळून आंघोळ घालते. तरी त्वचा कोरडीच राहते. काय बदलावे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी साबण बदला. इसबात त्वचेचे संरक्षक आवरण मुळातच दुबळे असते आणि साबणाने उरलेली स्निग्धताही निघून जाते. त्यात सोलापूरचा उन्हाळा चाळिशीपार, कोरडा. कोमट पाण्याने, सुगंधविरहित सौम्य क्लीन्झर वापरून, पाच ते दहा मिनिटांतच आंघोळ आटपावी. सायंकाळी घाम धुण्यास नुसते पाणी पुरते. अंग पुसताना टॉवेल घासू नये, हलकेच टिपावे आणि त्वचा ओलसर असतानाच, साधारण तीन मिनिटांच्या आत, सुगंधविरहित मॉइश्चरायझर भरपूर लावावे. खाज नसलेल्या दिवसांतही हा क्रम मोडू नये, कारण खरा फरक या सातत्यानेच पडतो. उटणे टाळावे, नखे कापलेली ठेवावीत. चादर सुती असावी, जी आपल्याकडे सहज मिळते.

दुकानदाराने सुचवलेले मिश्र मलम मात्र कृपया लावू नका. त्यात अनेकदा तीव्र स्टेरॉइड असते. लालसर चट्ट्यांवर योग्य स्टेरॉइड, योग्य मुदतीसाठी, त्वचारोगतज्ज्ञांनी दिल्यास ते सुरक्षित असते. चट्टे पाझरू लागले, पिवळसर खपली धरली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.